साहेबाच्या नावावर

“‘किसन, मासेमार, भंडारा जिल्हा.’ हे कोण?” माझ्या प्रबंधातल्या तळटिपेवर मार्गदर्शकांनी पेन्सिल टेकवली. विभागातले आठ-दहा जण बसलेले.

“माझे वडील, सर.”

“अरे वा! मग उद्या आम्हीही आमच्या भांडीवाल्या बाईंचा संदर्भ देतो. जुन्या इंग्रजी अहवालात सापडलं तर ठेवा. नाहीतर काढा.”

हशा. मीही हसलो. हे आधी लिहून टाकतो.

गोष्ट साधी होती. तलावाचा गाळ काढताना काठचं थोडं गवत राखायचं, नाहीतर मासा अंडी घालत नाही. आम्हा ढिवरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत. महिनाभर अहवाल चाळले. कुठेच नव्हतं. शेवटी मी बाबाचं वाक्य एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावर टाकलं. पान क्रमांकही मनानंच दिला. इंग्रज जाऊन जमाना झाला होता, शब्द अजून त्याचाच चालत होता. कुणी उघडूनही पाहिलं नाही.

“आता कसं शास्त्रीय झालं,” सर म्हणाले.

बांधलेला प्रबंध घेऊन गावी गेलो. बाबाला अक्षर येत नव्हतं.

“माहं नाव कुठी हाय रे?”

मी त्याचं बोट धरलं. साहेबाच्या नावावर ठेवलं. बराच वेळ तो तिथं बोट फिरवत राहिला. गेला तेही तेच खरं मानून.

आज मी त्याच विभागात मार्गदर्शक आहे. कर्वेनगरात फ्लॅट आहे. गेल्या महिन्यात माझ्या विद्यार्थिनीनं तिच्या आजीचं म्हणणं प्रबंधात पुरावा म्हणून घेतलं. मी म्हणालो, “आजी म्हणजे पुरावा नव्हे, मॅडम.” तसंच कुजकं हसून.

“सर, तुमच्या प्रबंधाच्या तळटिपेतला तो इंग्रज अधिकाऱ्याचा अहवाल मी पूर्ण वाचला. त्यात गवताचं काहीच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?”

आवृत्ती वेगळी असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“बापानं,” मी म्हणालो.

“मग लिहिलं का नाही?”

लाज वाटली म्हणून. आधी त्याची, मग माझी.

आजीचं म्हणणं असलेल्या तिच्या प्रबंधाच्या प्रकरणावर सही करून ते पुढे पाठवलंय. आता विद्यापीठाला पत्र: संदर्भ बनावट, मी रचलेला. सोमवारी देतोय. सहकारी म्हणतात, “अहो, कशाला उकरून काढताय?” पदवी काढायची तर काढा, तो गुन्हा माझा. पण बाबाचं वाक्य मी मागे घेणार नाही. ज्याला ते खोटं ठरवायचंय, त्यानं आधी तलावात उतरावं.