मनुकांची बिस्किटं

दिवाळीआधी आम्ही बायका पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायला जायचो. एका वर्षी त्या रांगेत मुरगूडहून आलेले एक पटकेवाले म्हातारे उभे होते. त्यांच्या परातीत ओट्स आणि मनुका घालून मळलेला गोळा होता. तसलं पीठ मी कधी पाहिलं नव्हतं.

"हे कसलं हो, मामा?" मी विचारलं.

"सून परदेशातली हाय. उद्या पैल्यांदा येतीया. तिच्या घरी हीच बिस्किटं करत्यात म्हणं. पोरानं फोनवर सांगितलं तसं मळलंय." वर आलेली मनुका बोटानं आत दाबत ते हळूच म्हणाले, "लग्नाला मी गेलो न्हवतो, वैनी. आता तिला हितं एक तरी चव वळखीची लागाय पायजे की."

भट्टीतून पत्रा बाहेर आला. बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली होती. त्यांनी एक मोडून अर्धं मला दिलं.

"बरोबर झालंय का बघा."

"मी कधी खाल्लंच नाही, मामा."

"मी तरी कुठं खाल्लंय!" ते मोठ्यानं हसले आणि बिस्किटांचा डबा पोटाशी धरून स्टँडकडं निघाले.

त्यांच्या सुनेनं पहिला घास घेतल्यावर काय म्हटलं, हे मला त्या मामांना नानकटाई वळताना अजून विचारावंसं वाटतं.