कोऱ्या द्रावणातला करंट

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लातूर-नांदेड एसटीत बूड सपाट करून मिळवत आणलेली माझी पीएच.डी. भर दुपारी, साक्षीदारांसमक्ष, बुडायला निघाली होती.

विषय साधाच. वीज वाहून नेणारं एक हिरवट प्लास्टिक घ्यायचं, त्यात केसाहून हजारो पटींनी बारीक कार्बनच्या नळ्या कालवायच्या, तो लेप नखाएवढ्या पट्टीवर द्यायचा आणि वर ग्लुकोज ओळखणारं एन्झाइम बसवायचं. पट्टी द्रावणात बुडवली की जेवढं ग्लुकोज, तेवढा करंट. बायकोच्या मते मी चार वर्षं तव्याची काजळी खरवडत होतो.

तोंडी परीक्षा आली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. बाहेरगावचे परीक्षक थेट प्रयोगशाळेत शिरले.

"आधी कोरं द्रावण दाखवा. ग्लुकोज नाही, तर करंट नाही. बरोबर?"

"अगदी बरोबर, सर!" मी जादूगाराच्या ऐटीत पट्टी बुडवली.

यंत्रावरचा करंटचा आकडा टुणकन उसळला.

पट्टी धुतली, पुन्हा बुडवली. पुन्हा तेच. सरांनी माझा प्रबंध मिटला.

"म्हणजे यातले सगळे आलेख असेच का?"

मी तारा तपासायला वळलो. तेवढ्यात नजर यंत्रावर गेली. त्याच्या कपाळी विभूतीचे तीन ताजे पट्टे! दारात आमचे प्रयोगशाळेतले शिपाईमामा पूजेचं ताट घेऊन उभे.

"मामा, काय केलंत?"

"पूजा! काल सुट्टी हुती, मशीन बिनपूजेचं ऱ्हायलं. मधाचं पाणी शिंपडलं फुलानं, समद्या भांड्यांवर. एकालाच कसं वगळायचं?"

मध म्हणजे ग्लुकोज की हो! मी नाचायचाच बाकी होतो. पण सर कसले ऐकतात? त्यांनी स्वतः भांडं आणि पट्टी धुऊन, सीलबंद बाटली फोडून नवं द्रावण ओतलं. आकडा गप्प. मग चहाच्या ट्रेमधली साखर चिमूटभर टाकली. तरी गप्प, साधी साखर म्हणजे ग्लुकोज नव्हे, आणि माझी पट्टी त्या गोडीला भुलली नाही. शेवटी मामांच्या ताटातला मधाच्या पाण्याचा एक थेंब. आकडा उसळला!

"याहून चांगली परीक्षा मलाही सुचली नसती," म्हणत सरांनी प्रबंध उघडला आणि सही करायला पेन काढलं.

मामांना राहवलं नाही. "घ्या! चार वर्सं हे घासून ऱ्हायले, अन् पास केलं माझ्या मधानं!"