धोंडूदादाचं गाऱ्हाणं

धोंडूदादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लांज्याला मोटारीची वाट बघत होतो... त्यालाच भेटायला निघालो होतो. आता मोटार आली तरी घाई कसली, म्हणून तिथेच बसून राहिलो.

ब्रह्मदेशच्या लढाईत आम्ही एकाच पलटणीत. बंदुकीपेक्षा तुझा गळाच जास्त चालला, असं मी त्याला चिडवायचो. पुढे आरे-वाऱ्याजवळच्या आमच्या गावात माजी सैनिक दर नोव्हेंबरात जमत आणि लढाईत गेलेल्यांची नावं धोंडूदादा गाऊन घेई. देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणंही तोच घालायचा, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सारा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. गावातली मरियमबी मात्र नोव्हेंबरातल्या कार्यक्रमाला कुंपणाबाहेर उभी असे. तिचा नवरा इस्माईल मालाच्या बोटीवर खलाशी. लढाईत बोट बुडाली, त्याला ना कबर मिळाली, ना माती. त्याचं नाव घ्या, एवढंच तिचं मागणं. पंच म्हणत, खलाशी म्हणजे सैनिक नव्हे.

एका वर्षी कचेरीतले साहेब समोर बसले होते. नावं संपली, तरी धोंडूदादा थांबेना. सूर थेट गाऱ्हाण्यावर गेला, "बोटीसंगं दर्यात ऱ्हायला तो इस्माईल, तो पन आमचाच हाय रे म्हाराजा..."

झालं! जन्माची सवय. सगळी माणसं एका दमात ओरडली, "व्हय म्हाराजा!" साहेब दचकले, पंचांची तोंडं बघण्यासारखी झाली. पण सगळ्या गावाने भरलेला हुंकार मागे घेणार कोण? मरियमबी आत आली आणि अगदी पुढे बसली.

"मुद्दाम केलंस ना?" मी नंतर विचारलं.

"नाय रे, जीभ घसरली," म्हणाला आणि असा काही हसला... खरं काय ते मला अजून कळलेलं नाही.

परवाचा कार्यक्रम त्याच्यावाचून पहिलाच. तो उभा राहायचा तो चाफ्याखालचा चिऱ्याचा कट्टा रिकामा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज म्हणजे फुटका डबा, तरी चढलो. इस्माईलपर्यंत आलो आणि थांबलो. धोंडूदादा तापाने घरीच वारलेला, लढाईतल्या नावांत त्याचं नाव कसं घ्यायचं? मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पुढून मरियमबीचा थकलेला आवाज आला, "आनी धोंडूदादा... तो पन आमचाच हाय रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" त्या कट्ट्यावरून मी जन्मात कधी नाही एवढ्या जोरात ओरडलो.