शेवटची बोलली कधी?

अन्याय झाला माझ्या मोठ्या बहिणीवर. महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, नैवेद्य दाखवायच्या आधी. अकोल्याच्या जुन्या शहरात, तिच्या सासरच्या स्वयंपाकघरात. घर बायकांनी भरलेलं असताना तिची वाचा गेली आणि कुणालाही कळलं नाही. कळणार कसं? तिनं बोलणं अपेक्षितच नव्हतं.

ते घर पौरोहित्याचं. तिथली रीत अशी की नैवेद्य रांधणारी सून पहाटे न्हाऊन सोवळं नेसली की तोंड उघडत नाही. अन्नावर थुंकी उडू नये म्हणून. काही हवं असेल तर बोटानं दाखवायचं. नैवेद्य होईपर्यंत तिला कुणी शिवायचंही नाही. ताई लग्न झाल्यापासून हे करत आली. पस्तिशीच्या आतली बाई, ना बीपी ना शुगर.

मी अमरावतीहून जेवायला गेले होते. पोचले तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून तिच्यावर करवादत होत्या.

"अगं, डाव्या हातानं काहून ढवळून राहिली? नैवेद्याची आंबील आहे ती!"

"वहिनी संपावर गेल्या वाटते," तिची नणंद हसली. "बहिणीची हवा लागली."

टोमणा मला होता. मी मोर्च्यात जाते, पत्रकं वाटते, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

"ताई, काय होतंय? बोल ना."

"तिला बोलायला लावू नको," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू बसमधून आलीस, शिवू तर नकोच."

मी शिवले. तिचा उजवा हात न पिळलेल्या लुगड्यासारखा जड, लोंबता माझ्या हातात आला. मागे आरडाओरडा सुरू झाला तो तिच्यासाठी नव्हता. "बाटवला! वर्षाचा नैवेद्य बाटवला पोरीनं!"

दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. रक्तस्राव नव्हता, गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची नीट बोलली कधी?"

भाऊजींनी त्यांच्या आईकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "पहाटे. न्हायला जाताना म्हणाली, पाणी तापलं का पाहा."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कशी बोलेल? सोवळ्यात होती ना."

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठरावीक तासांच्या आतच देता येतं. ते तास मोजतात माणूस शेवटचं धडधाकट दिसलं तिथपासून. नणंद म्हणाली, पुरण वाटताना पाहिलं होतं. कधी? ते सांगता येईना. दोन्ही हातांनी? तेही नाही. सगळ्यांचं लक्ष मखराकडे. पहाटेपासून मोजलं तर वेळ टळून गेली होती. इंजेक्शन मिळालं नाही. बोलणारी बाई असती तर तिचा शब्द कुठे अडखळला ते कुणीतरी ऐकलं असतं. तिच्या घरानं तिच्या तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि आता तेच कुलूप तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहिलं.

मग कारण शोधणं. छातीवरून इको केला, ठीक आला. उपास, दगदग, ताण असं सांगून गोळ्या देऊन घरी पाठवलं. नातेवाइकांना तर कारण आधीच सापडलं होतं: नैवेद्य बाटला म्हणून देवी कोपली. म्हणजे मी शिवले आणि मग तिचा हात गेला! घड्याळसुद्धा उलटं फिरवलं लोकांनी.

मी भांडून तिला अमरावतीला आणलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी घशातून नळी घालून आतून इको केला आणि पडदा माझ्याकडे वळवला. हृदयाच्या झडपेवर काहीतरी हलत होतं. वेचणीतून सुटलेल्या बोंडातून कापसाचा पुंजका वाऱ्यावर लोंबतो, तसं.

"गाठ आहे," ते म्हणाले. "कॅन्सर नाही. फार क्वचित होते. पण तिच्यावर गुठळी धरते, तुकडा सुटतो आणि मेंदूत जाऊन अडकतो. पुन्हाही जाऊ शकतो."

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, झडप वाचली. मेंदूचा मेलेला भाग मात्र कुठल्याच टेबलावर परत मिळत नाही.

ताई आता फक्त "ते" म्हणते. पाणी हवं, ते. दुखतंय, ते. स्वतःच्या लेकीलाही ते. लेक आधी आपलं नाव सांगायची, आता तीही सांगत नाही. पण आरती लागली की ताई अख्खी आरती म्हणते, सुरात, एक शब्द न चुकता. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला बजावलं होतं की असं होतं, गाणं मेंदूत दुसरीकडे जपलेलं असतं. हे बोलणं नव्हे, सराव सोडू नका. पण ती सासरी परतली, आणि त्या घरात कोण ऐकतं? देवीनं वाचा दिली म्हणून पेढे वाटले आणि सराव बंद केला.

येत्या महालक्ष्म्यांना सोवळ्यात तीच बसणार आहे. मोठी जाऊ मदतीला राहील म्हणे. मी तोंडाला येईल ते बोलले. सासूबाईंनी ताईच्या केसांवरून हात फिरवला. "तिला कुठं बोलावं लागते तिथं?" टोमणा नव्हता तो. माया होती. ताई हसली आणि म्हणाली, "ते."

तिचं बोलणं गेलं. माझ्या भांडण्यानं ते येणार नाही, या लिहिण्यानंही नाही. पण तुम्ही वाचताय, तर उठा. तुमच्या घरात आज जी बाई गप्प राहून रांधतेय, तिच्याजवळ जा. तिला तिचं नाव विचारा. दोन्ही हात वर करायला सांगा. जमलं नाही तर तिला शिवा, उचला, दवाखान्यात न्या. धडधाकट, तरुण माणसाला लकवा झाला आणि कारण सापडेना, तर घशातून इको का नाही, हे डॉक्टरांना तोंडावर विचारा. नैवेद्य थांबेल. ती उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.