रोवण्यात आलेले डंकनसाहेब

डंकनसाहेब सगळ्यांना ‘तू’ म्हणत. मला तू, पाटलाला तू, तपासणीला आलेल्या फौजदारालाही तूच. बोटीवर कुणा म्हाताऱ्या मिशनरीकडून ते थोडंफार मराठी शिकले होते आणि त्यात ‘आपण’ काही आला नव्हता. सोबतचे नागपूरचे दुभाषी मास्तर लाजून अर्धे व्हायचे. आमच्या लोकांना मात्र त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडे बापालाही तूच म्हणतात. “साहेब आपल्यावानीच बोलते,” म्हणून लोकांनी त्यांना पहिल्याच दिवशी आपल्यात घेतलं. ‘चल मग’ हे त्यांचं आवडतं वाक्य. चहाला बोलवा की प्रार्थनेला, उत्तर एकच.

ही मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. गोंदियाजवळच्या गोरेगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात माझे यजमान ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. साहेब विलायतेहून आले होते ते खेड्यापाड्यांतल्या पाळकांना धीर द्यायला. धीराची सगळ्यांत जास्त गरज आमच्याच घराला होती, हे त्यांना कुठं ठाऊक! मंडळी म्हणजे उणीपुरी सात घरं, त्यांतली दोन यायची थांबलेली. पाच वर्षांत नवं एकही जोडलं गेलं नव्हतं. यजमानांनी मनाशी ठरवलं होतं, पाळकपण सोडायचं आणि गोंदियाला रेल्वेत चिकटायचं. थोरल्या भावजींनी तिथं जागाही बघून ठेवली होती. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आपला माणूस रोज अर्धपोटी उठतो, ते मला बघवत नव्हतं, बस.

साहेबांची सभा ठरली नेमकी ऐन रोवण्यात. विलायतेत तेव्हा सुट्या असतात म्हणे. आता बांधीत पाणी उभं असताना भाताची रोपं लावायची सोडून सभेला कोण येणार? यजमानांना हे पक्कं माहीत होतं. पण साहेबाला नाही कसं म्हणावं, म्हणून त्यांनी होकार लिहून पाठवला. आमच्या माणसांची ही खोड जुनीच आहे. सभेच्या दिवशी प्रार्थनाघरात आसपासचे चार भिजलेले पाळक, दुभाषी मास्तर, आम्ही दोघं आणि साहेब. बाकी चटया रिकाम्या.

“तुझी माणसं कुठं?” साहेबांनी विचारलं.

मीच सांगून टाकलं, चिखलात आहेत म्हणून.

“चल मग,” म्हणाले आणि तिथंच बूट काढायला बसले.

रोवणा मागं सरकत करतात, हे साहेबांना कोण सांगणार? ते आपले एकेक रोप खोचत पुढं निघाले आणि लावलेलं सगळं तुडवत गेले. आमच्या मंडळीतली म्हातारी सकरूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काऊन रे साहेब, लावून राहिला का तुडवून राहिला? मांगं सरक!” साहेब मागं सरकले ते थेट चिखलात बसले. सगळी बांधी हसली. साहेब हसले. आणि कितीतरी दिवसांनी माझे यजमानही पोट धरून हसले.

दुपारी शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, भात आणि लाखोळीची डाळ खाताना यजमानांनी मनातलं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता साहेब शास्त्रातली वचनं काढणार. त्यांनी एकही काढलं नाही. दुभाष्याला जवळ बसवून त्यांनी आपल्या गावचं सांगितलं. दगडी मोठं चर्च, दोनशे माणसं बसतील एवढं. रविवारी येतात अकरा, त्यांतले दोघे ठार बहिरे. आपणही सोडणार होतो, म्हणाले. दुसऱ्यांना धीर द्यायला निघालो, तो खरं तर स्वतःसाठीच. विलायतेत चर्चं ओसंडून वाहतात, असंच आम्ही समजत होतो.

तिसऱ्या दिवशी बैलांच्या खासरीत बसवून आम्ही त्यांना गोंदिया स्टेशनवर सोडलं. भावजीही आले होते, यजमानांना परस्पर रेल्वेच्या हपिसात न्यायला. गाडी लागली. साहेबांनी टोपी काढली आणि भर फलाटावर यजमानांपुढं मान वाकवली.

“मी माझ्या अकरा माणसांकडे जातो. तू मला आशीर्वाद दे.”

त्या काळी गोरा साहेब दिसला की आमची माणसं बाक सोडून उठत. फलाट सगळा बघत होता. यजमानांनी हात त्या पांढऱ्या केसांवर ठेवला आणि आपल्या बोलीत प्रार्थना केली, “देवा, याच्या अकरा माणसाइले सांभाळ. यालेबी सांभाळ. लय थकला आहे बिचारा.” साहेबांना किती कळलं कोण जाणे, पण ‘आमेन’ त्यांनी मोठ्यानं म्हटलं. मला रडू आवरेना.

गाडी गेली. साहेब पुन्हा कधी दिसले नाहीत. भावजी म्हणाले, चल, हपिस उघडलं असेल.

यजमान जागचे हलले नाहीत. “दादा,” ते म्हणाले, “त्याच्याजवळ अकराच माणसं आहेत, तरी तो परत जाऊन राहिला. आपल्याजवळ तर पाच घरं आहेत. मी कसा येऊ?”