वन्सं पडद्यावर मरायच्या तेव्हा

लाख वातींचा नेम धरला की आळीतल्या बायका वाती वळायला येतात. हात गुंतले की तोंडं मोकळी! "सांगा की तुमच्या वन्संचं," कुणीतरी म्हणतंच. वाती लाख भरल्या, वन्संचे किस्से उरलेच.

वन्सं म्हणजे माझी नणंद, गोदा. लढाईच्या दिवसांत माधवनगरहून कोल्हापूरच्या स्टुडिओत गेली आणि नटी झाली. चेहरा सोशिक, म्हणून दर पिक्चरमध्ये मध्यंतरानंतर मरायची! सासूबाईंनी तिच्याशी बोलणंच टाकलं. पिक्चर बघणं लांबच. "बोलतील हो एक दिवस," मी देवापुढे म्हणायची.

*

एकदा शेजारच्या तानूकाकू सांगलीचा खेळ बघून आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "आगं, तुजी नणंद काल मेली! लय झ्याक मेली!"

तेवढ्यात तासगावच्या मावशी, सासूबाईंची बहीण, गल्लीत शिरत होत्या. त्यांनी ऐकलं, विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्यानं गळा काढत घरात आल्या. वन्सं दिवाळीला आलेल्या, चुलीपाशी लसूण सोलत होत्या.

"मावशे, रड खुशाल, पर आदी लुगडं बदल. सर्दीनं तूच जाशील!"

*

त्या दिवाळीत सासूबाई भिंतीशी बोलायच्या. "म्हणावं त्या पाव्हणीला, भाकरी गार व्हायला लागलीया."

वन्सं समोरच्या भिंतीला सांगायच्या, "म्हणावं, आईच्या हातची गारबी ग्वाड लागती."

शेवटी आमचे हे म्हणाले, "दोनी भितींचं जेवान झालं आसंल तर मलाबी वाढा!"

*

हा किस्सा वन्संनीच सांगितलेला. मरायचा सीन. डायरेक्टर म्हणे, "बाई, छाती हलतेय. श्वास धरा!"

चार टेक झाले. पाचव्याला मेलेल्या वन्सं उठून बसल्या. "आवं सायेब, आजून धरला तर दुसरी नटी बगावी लागंल!"

*

एका तरी पिक्चरमध्ये वन्संनी शेवटपर्यंत जगावं म्हणून मी सोळा सोमवार केले. उद्यापन झालं आणि पाटणला माहेरी गेले. जत्रेत तंबूतला सिनेमा होता. ऑपरेटरनं रिळांची गल्लत केली. वन्सं आधी मेल्या, मग त्यांचं लग्न झालं आणि हसत हसत खेळ संपला! लोकांनी नारळ फोडले.

वडील म्हणाले, "पोरी, रीळ चुकीचं लावलं त्येनं."

"न्हाई आप्पा. म्हादेवानं लावलं!"

*

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा. आई घरातल्या लेकरांना ओवाळते, लांबच्यांना आयुष्य मिळावं म्हणून त्यांच्या दिशेनं अक्षता टाकते. धाकटे दीर पलटणीत, कुठं ते ठाऊक नाही, म्हणून सासूबाई चहूकडे टाकायच्या. कोल्हापूरची दिशा तेवढी सोडून.

त्या शुक्रवारी उरलेल्या अक्षता त्यांनी पदराला बांधल्या. "टांगा सांग. सांगलीला जायाचंय."

तीनचा खेळ. बायकांच्या बाकावर बसलो. पडद्यावर वन्सं खाटेवर निजलेल्या, डोळे मिटायला लागलेले. सासूबाई उठल्या, चालत पुढं गेल्या, पदराची गाठ सोडली आणि मूठभर अक्षता पडद्यावर टाकल्या.

डोअरकीपर धावला. "आवं आजी, पडद्यावर पैसं टाकायचं न्हाईत!"

"पैसं न्हाईत, बाबा. जरा थांबीव तुजं मशीन." सासूबाईंनी वर बघितलं. "गोदे, ऊठ की गं. पुरण घातलंय घरी."