मुठेकाठच्या गाईचं दावं

पेशवाईच्या भरात पुण्यात राहायला जितके लोक येत, त्याहून अधिक नुसते पुण्यावरून जात. फौजा उत्तरेत गेल्या, मोठमोठ्या सरदारांनी माळव्यात बस्तान बसवलं आणि त्यांच्यामागे कोकणातली घरंच्या घरं चाकरीसाठी घाट चढून येऊ लागली. कसब्याखाली मुठेच्या काठाला आमचा भाजीचा मळा होता. मळ्याला लागून चिंचेची झाडं, आणि त्यांच्याखाली या लोकांचा तळ पडायचा. एक-दोन मुक्काम करून, सोबत जुळली की ते वाघोलीच्या वाटेला लागत.

वडील त्यांची थट्टा करत. "माळव्यात सोनं पिकतं म्हणे. मग तिकडचा एकही माणूस इकडं सांगायला कसा येत न्हाई?" दुरून डोंगर साजरे, हे त्यांचं ठरलेलं बोलणं. पण तळ पडला की मेथीच्या जुड्या आधी तेच काढून ठेवत.

एका वर्षी अशाच तळात एक तरुण बाई होती. नवरा, सासू आणि एक गाभण गाय. गाय तिला माहेरहून मिळालेली. घाटातल्या दगडांनी गाईचे खूर सोलले होते, पाय सुजला होता, तिला उठवत नव्हतं. सोबतीचे लोक थांबायला तयार नव्हते, आणि सोबत सोडून पुढच्या रानातून जाणं म्हणजे जिवाशी खेळ. नवऱ्यानं वडिलांना विचारलं, "ठेवून घ्याल का?" वडील हो म्हणाले.

आमच्याकडची रीत अशी, की गाय दिली तरी दावं द्यायचं नाही. ते देणाऱ्याच्या घरी राहतं, नाहीतर त्याच्या गोठ्याची बरकत जाते. वडिलांनी रीतीप्रमाणे गाईच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि मोठ्या मानानं त्या बाईपुढं धरलं. तिनं हात मागं घेतले.

"दादा, दावं राहू द्या तिच्या गळ्यात," ती म्हणाली. "मी गाय दिली नाही. ठेवून चालले आहे. परत येईन तेव्हा नेईन."

आईनं त्यांच्या हातातून दावं घेतलं आणि पुन्हा गाईला बांधलं. "या बाई तुम्ही," एवढंच म्हणाली.

ती गेली. गाय बरी झाली, व्याली, आम्ही तिच्या दुधावर वाढलो. पण गाय आमची, असं आईनं कधी म्हणू दिलं नाही. "ठेव हाय ती." दावं झिजलं की त्यातला धड पेड ती अंबाडीच्या नव्या वाखाच्या धाग्यांत घालून वळून घ्यायची. म्हातारी गाय गेली, तिच्या कालवडीच्या गळ्यात तेच दावं आलं, मग तिच्या कालवडीच्या. चिंचेखाली तळ पडला की आई भाजी घेऊन स्वतः जायची आणि प्रत्येक बाईचं तोंड बघून यायची. वडील म्हणत, "गरज सरो, वैद्य मरो." मला तेव्हा वडिलांचा राग यायचा. अजूनही येतो.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी त्या बाईचा नवरा आला, एकटाच. केस पिकले होते. कोकणातली वाडी भावाच्या नावे करून माळव्याला परत निघाला होता. आईनं पहिला प्रश्न विचारला, "त्या कशा हाईत?"

"बरी आहे. नातवंडं झाली. आता तिचं येणं व्हायचं नाही." मग म्हणाला, "दावं तेवढं घेऊन या, म्हणाली."

आई समजली. तिनं गाईच्या गळ्यातलं दावं सोडलं, नदीवर नेऊन धुतलं आणि त्याच्या हाती दिलं. त्यानं ते कपाळाला लावून पडशीत ठेवलं. गाय आमची झाली. वडिलांनी नवं दावं आणलं, ते बांधायला आई काही पुढं आली नाही.

पुढं चार-सहा दिवसांनी चिंचेखाली नवा तळ पडला. आईनं मेथीच्या जुड्या बांधल्या आणि माझ्या हाती दिल्या.

"तूच दिऊन ये," म्हणाली आणि चुलीपुढं बसून राहिली.